झिजणारी मूर्ती आणि झिजवणारा कण

दगडी मूर्तीचे पाऊल झिजलेले दिसले की दोष स्पर्शाला दिला जातो. शतकानुशतके माथे टेकले, हात लागले, म्हणून बोटे सपाट झाली, असे म्हटले जाते. हे निम्मेच खरे आहे. माणसाची कातडी दगडाच्या मानाने इतकी मऊ असते की स्वच्छ, कोरड्या तळव्याने काळ्या पाषाणावर साधा चरा उमटणेही अवघड. खरी झीज करतो तो तळवा आणि पाषाण यांच्यामध्ये सापडलेला कण: वाळूचा, धुळीचा, राखेचा, कधी मूर्तीपासूनच सुटलेल्या दगडाचा. मूर्ती किती झिजेल हे भक्तांच्या संख्येइतकेच या कणाचे काठिण्य, त्याचा घाट आणि त्याचे आकारमान यांवर ठरते. मूर्ती अशी कणाकणाने जात असेल तर तिला कुठवर ‘तीच’ म्हणायचे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी आणि आगमांनी आपापल्या परीने हाताळला आहे. झिजेचे शास्त्र आणि मूर्तीचे तत्त्वज्ञान एरवी वेगवेगळ्या कपाटांत राहतात. पण दुसऱ्याची गाठ पहिल्यावाचून सुटत नाही.

काठिण्याचा नियम सरळ आहे. कण पृष्ठभागापेक्षा साधारण १.२ पट कठीण असला की तो त्यात रुतू शकतो. त्याहून मऊ असला तर तो स्वतःच चेपतो किंवा मोडतो, आणि झीज झपाट्याने घटते. मोह्सच्या मापपट्टीवर शंखजिरे १, कॅल्साइट ३, फेल्स्पार ६, गारगोटी ७ आणि कुरुंद ९ वर आहे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, मुख्यतः फेल्स्पार आणि पायरॉक्सिन यांचा बनलेला असतो आणि सहाच्या आसपास बसतो. गारगोटीचा दाणा त्याला चरा पाडतो. संगमरवर कॅल्साइटचा असल्यामुळे त्याला साधी रस्त्यावरची धूळही पुरते. राखेचे प्रकरण थोडे आडवळणाचे आहे. गवत मातीतून सिलिका शोषून घेते आणि पात्यांमध्ये सूक्ष्म दाण्यांच्या रूपाने साठवते. गाय गवत खाते, सिलिका शेणात उतरते, गोवरी जळून जाते आणि सिलिका मागे उरते. शेणाच्या राखेने भांडी लख्ख निघतात ती यामुळेच. मऊ दगडाच्या बाबतीत भस्म निरुपद्रवी नसते तेही यामुळेच.

घाटाचा परिणाम याहून गुंतागुंतीचा आहे. एकाच काठिण्याचे, एकाच आकारमानाचे दोन दाणे घेतले, एक नदीतून वाहत येऊन गोटीसारखा झालेला आणि दुसरा नुकताच फुटलेला, तर दुसरा पहिल्याच्या कित्येक पट पदार्थ काढतो. कण पुढे सरकताना त्याचा पुढचा चेहरा पृष्ठभागाशी कोणता कोन करतो, हा यातला कळीचा मुद्दा. चेहरा पुरेसा उभा असला तर कण रंध्याच्या पात्यासारखा छिलका काढतो. तो निजलेला असला तर कण नुसती चरी पाडतो, पदार्थ दोन्ही बाजूंना सारतो, आणि वजन जवळजवळ तेवढेच राहते. मल्हर्न आणि सॅम्युएल्स यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की घासण्याच्या कागदावर धातूला टेकणाऱ्या दाण्यांपैकी थोडेच प्रत्यक्ष कापतात; उरलेले नुसतेच नांगरत जातात. दगड मात्र धातूसारखा नमत नाही. त्याच्यावर टोकदार कण दाबला गेला की टोकाखाली बारीक भेगा पडतात. दाब निघताना त्यांतल्या काही भेगा पृष्ठभागाला समांतर पसरतात, वर येतात आणि एक कपचा उडतो. गोल कणाखाली तोच भार मोठ्या जागेवर वाटला जात असल्याने भेग सुरूच होत नाही.

घरातल्या सहाणेवर हे डोळ्यांनी पाहता येते. नवी सहाण खरखरीत असते. तिचे उंचवटे चंदनाच्या खोडाचा भुगा काढतात आणि पाण्यात गंध उतरते. वर्षानुवर्षे उगाळून ते उंचवटे बोथट झाले की खोड नुसते घसरत राहते आणि गंध पातळ, पांचट निघते. सहाणेचे काठिण्य तेच असते, बदललेला असतो तो घाट. जात्याला ठरावीक काळाने टाकी लावून घेण्याची पद्धत होती तीही यासाठीच.

निसर्गात घाट आणि आकारमान एकमेकांपासून सुटे नसतात. वाहत्या पाण्यात वाळूचे दाणे गोलसर होतात, पण फार सावकाश. डच भूशास्त्रज्ञ फिलिप क्यूनेन यांच्या विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या प्रयोगांत असे दिसले की गारगोटीचा दाणा गोल करण्याच्या कामी वारा पाण्यापेक्षा शेकडो पट प्रभावी ठरतो. वाळवंटातली वाळू गुळगुळीत असते त्याचे कारण हे. फार बारीक दाणे मात्र ना वाऱ्यात गोल होतात ना पाण्यात. आपटण्याइतके वजनच त्यांच्यात नसते. म्हणून मोठी वाळू बोथट आणि बारीक धूळ टोकदार, अशी विभागणी होते. ती मोडतो माणूस. क्रशरमधून निघालेल्या कृत्रिम वाळूत मोठे दाणेही धारदार असतात. देवळाच्या आवारात बांधकाम काढले की गाभाऱ्यात पोचणाऱ्या धुळीचा स्वभावच बदलतो. मंदिरांच्या जीर्णोद्धारात या गोष्टीचा विचार क्वचितच होतो.

राहिले आकारमान. सामान्य समज असा की दाणा जितका मोठा तितकी झीज जास्त. हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. धातूंवरच्या प्रयोगांत भार आणि अंतर तेच ठेवले तर साधारण १०० मायक्रॉनपर्यंत दाण्याबरोबर झीज वाढत जाते. पुढे दाणा कितीही मोठा घेतला तरी ती जवळपास तेवढीच राहते. १०० मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास. १२० नंबरच्या पॉलिश पेपरावरचा दाणा साधारण १२५ मायक्रॉनचा असतो. मर्यादेच्या खाली झीज का घटते यावर एकमत नाही. बारीक दाण्यांच्या फटी भुग्याने भरून जातात असे काही म्हणतात. बारीक दाण्याची टोके त्याच्या मानाने बोथट असतात, असे दुसरे म्हणतात. तिसऱ्यांच्या मते फार उथळ खोलीवर पदार्थच अधिक चिवट वागतो.

दगडासाठी यातला सर्वांत महत्त्वाचा भाग अगदी खालच्या टोकाला आहे. दाणे बारीक झाले की एकूण भार पुष्कळ दाण्यांत वाटला जातो आणि एकेका दाण्याच्या वाट्याला भेग पाडण्याइतका दाब येत नाही. कपचे उडणे थांबते. पृष्ठभाग खरवडला जातो, पण इतका वरवर की उरलेल्या चऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रॉनपेक्षा, लहान राहतात. डोळ्याला तिथे चकाकी दिसते. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये भिंगांना झिलई देण्याच्या क्रियेबद्दल हाच तर्क मांडला होता: झिलई म्हणजे ओरखड्यांचा अभाव नसून ओरखडे दिसेनासे होईपर्यंत बारीक करणे. पुढे रॅलेने त्यात दुरुस्ती सुचवली, कारण उत्तम झिलईत पदार्थ ओरखड्यांनी नव्हे तर जवळजवळ रेणूंच्या पातळीवर निघत असावा असे त्याला वाटले. दोघांच्याही मते चकाकी ही झीजच. जुन्या मूर्तीच्या पावलावर जी तकाकी ‘तेज’ म्हणून वाखाणली जाते ती झिजेची सर्वांत सौम्य अवस्था होय.

शेवटची गोष्ट कण धरणाऱ्याची. दोन पृष्ठभागांमध्ये मोकळा असलेला कण बहुतेक वेळ गडगडतो आणि फारसे कापत नाही. तोच एका बाजूला रुतून बसला तर खरवडणी सुरू होते. हिऱ्यांचे कारागीर हिऱ्याची भुकटी मऊ चकतीवर दाबून बसवतात, ती यासाठीच. तेल, तूप किंवा मधाने माखलेला तळवा हीच चकती होतो: स्वतः निरुपद्रवी, पण धुळीला घट्ट धरून ठेवणारा.

बौद्ध वाङ्मयातला एक प्रसिद्ध दृष्टान्त या प्रकाशात पाहण्यासारखा आहे. संयुत्तनिकायात कल्पाचा काळ किती, या प्रश्नावर बुद्ध एका डोंगराचे उदाहरण देतो. एक योजन लांब, रुंद आणि उंच असा भरीव, एकसंध डोंगर. दर शंभर वर्षांनी एक माणूस येतो आणि काशीच्या तलम वस्त्राने त्याला एकदा पुसून जातो. डोंगर झिजून संपेल, कल्प संपणार नाही. दृष्टान्तासाठी निवडलेले वस्त्र सर्वांत मऊ आहे, त्यामुळे झीज कल्पनेच्या काठावर नेऊन ठेवली जाते. तरीही ती शून्य नाही, हे गृहीत आहे. आणि ते बरोबर आहे, कारण शंभर वर्षांत डोंगरावर धूळ साचतेच आणि वस्त्र तिला धरतेच.

झिजेवरून न दिसणाऱ्या कणांचे अनुमान करण्याची वाट युरोपात लुक्रेशिअसने घेतली. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या त्याच्या लॅटिन ग्रंथात बोटातली अंगठी आतून पातळ होते, थेंबांनी दगडाला खळगा पडतो, नांगराचा फाळ शेतात लहान होत जातो, अशी उदाहरणे ओळीने येतात. त्यात वेशीजवळच्या ब्राँझच्या मूर्तींचेही एक आहे: येणारेजाणारे अभिवादन म्हणून हात लावतात आणि मूर्तींचे उजवे हात झिजतात. घट झालेली दिसते, पण प्रत्येक वेळी नेमके काय गेले ते दिसत नाही. त्यावरून पदार्थ न दिसणाऱ्या कणांचे बनलेले आहेत, असे तो सांगतो. ग्रीक परमाणुवाद्यांनी या कणांना घाटही दिले होते. डेमोक्रिटसच्या मते तिखट, आंबट चवी टोकदार परमाणूंच्या आणि गोड चव गोल परमाणूंची.

वैशेषिकांची वाट वेगळी आहे. त्यांचा मुख्य तर्क विभागणीचा: वस्तूचे तुकडे अनंत काळ पाडता आले असते तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा या दोहोंचे अवयव अनंतच ठरले असते आणि त्यांच्या आकारात भेद सांगता आला नसता. म्हणून कुठेतरी थांबावे लागते आणि जिथे थांबतो तो परमाणू. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगणारा रजःकण, म्हणजे त्रसरेणू, हा त्यांच्या मते दिसू शकणारा सर्वांत लहान पदार्थ. तीन द्व्यणुकांचा, म्हणजे सहा परमाणूंचा. परमाणूच्या परिमाणाला ते पारिमांडल्य म्हणतात, आणि त्यात गोलपणा सूचित आहे. त्यामुळे टोकदार परमाणू झीज करतो, असे स्पष्टीकरण त्यांना देता येत नाही. त्यांच्याकडे झिजेचे कारण संयोगाच्या नाशात आहे: नोदनाने म्हणजे ढकलण्याने किंवा अभिघाताने म्हणजे आपटण्याने अवयवात गती उत्पन्न होते, गतीमुळे विभाग होतो आणि अवयवांना जोडणारा संयोग नाहीसा होतो. भेगेचा सिद्धान्त हाताशी नसतानाही, झिजेचे घर पदार्थात नसून जोडणीत आहे हे त्यांनी हेरले. दगडाच्या बाबतीत ते ग्रीकांपेक्षा सत्याच्या अधिक जवळ होते.

पण याच सिद्धान्ताने न्याय-वैशेषिकांपुढे एक कठीण परिणाम उभा केला. अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, ही अवयवांची नुसती बेरीज नसून त्यांच्यात राहणारे स्वतंत्र द्रव्य आहे, असे ते मानतात. अवयवांचा संयोग तुटला की ते द्रव्य नष्ट होते. कापडाचा एक धागा निघाला तर महापट नष्ट होऊन उरलेल्या धाग्यांचा खंडपट उत्पन्न होतो. परिमाण बदलले की द्रव्य बदलले. मूर्तीला हे लावले तर दहा मायक्रॉनचा एक कपचा उडाला तरी कालची मूर्ती गेली आणि आज नवी आली, असे म्हणावे लागते. ग्रीकांना छळणारे धान्याच्या राशीचे कोडे, म्हणजे एकेक दाणा काढत गेल्यास रास नेमकी कधी रास राहत नाही हे युबुलिडीसच्या नावावर असलेले कोडे, नैयायिकांना पडत नाही. त्यांचे उत्तर पहिल्याच दाण्याला तयार असते. मग ‘ही तीच मूर्ती’ अशी ओळख कशी पटते? सारखेपणामुळे, असे ते म्हणतात.

बौद्धांनी नेमका इथेच हात घातला. सारखेपणाने ओळख पटते हे मान्य असेल तर टिकणारे द्रव्य हवेच कशाला? कापलेली नखे आणि केस पुन्हा वाढतात आणि ‘तीच नखे, तेच केस’ असे वाटते. दिव्याची ज्योत प्रत्येक क्षणी नवी असते आणि ‘तीच ज्योत’ वाटते. क्षणिकवादात मूर्ती कण उडाल्याने बदलत नाही. ती प्रत्येक क्षणी नवीच असते आणि झीज हा त्या प्रवाहातला केवळ दिसण्याजोगा फरक असतो. युक्तिवाद म्हणून हा नैयायिकांच्या बचावापेक्षा नीटस आहे. मात्र त्यातून मूर्ती जपण्याचे कोणतेही कारण निघत नाही, आणि देवळे चालवणाऱ्यांना कारण हवे असते.

ते कारण शिल्पशास्त्रे आणि आगम देतात, आणि त्यांनी केलेला भेद कणाच्या आकारमानाचाच आहे, जरी त्या शब्दांत नसला तरी. हात, नाक किंवा मस्तक तुटलेली मूर्ती भग्न मानली जाते आणि पूजेतून काढली जाते. तितकाच, किंबहुना त्याहून जास्त, दगड स्पर्शाने आणि अभिषेकाने हळूहळू गेला तर मूर्ती बरीच वर्षे पूज्य राहते. नैयायिकाच्या हिशेबात दोन्ही नाश सारखेच, तराजूच्याही हिशेबात सारखेच. फरक इतकाच की एका प्रसंगी दगड मोठ्या तुकड्याने गेला आणि दुसऱ्या वेळी डोळ्याला न दिसणाऱ्या कणांनी. डोळा आणि स्मृती ज्याला पकडू शकत नाहीत त्या आकाराच्या तुकड्यांनी झालेली हानी परंपरेने हानी म्हणून मोजलेली नाही.

ही सवलत अमर्याद नाही. फार जीर्ण झालेल्या मूर्तीसाठी जीर्णोद्धाराचा विधी आहे. अग्निपुराणात जीर्ण प्रतिमा काढून नवी बसवण्याचे आणि जुनी दगडी असल्यास पाण्यात सोडण्याचे सांगितले आहे. लाकडी असल्यास ती जाळायची. यामागची धारणा अशी की देवत्व दगडाच्या कणांत वाटलेले नसते. प्रतिष्ठेने सान्निध्य येते, आणि विधीने ते दुसऱ्या ठिकाणी नेता येते. म्हणूनच मूर्तीचा सुटलेला भुगा कोणी देव म्हणून जपत नाही. अवयवीच्या वादात जे दर्शनांना सुटले नाही ते आगमांनी प्रश्नच दगडावरून उचलून विधीवर ठेवल्याने सुटले. स्वयंभू लिंगांना मात्र हा मार्ग बंद आहे. ती कोणी बसवलेली नाहीत, म्हणून बदलताही येत नाहीत. तिथे दगड गेला की बदली नाही.

उज्जैनच्या महाकालेश्वराचा खटला याच पेचातून उभा राहिला. ज्योतिर्लिंगाची झीज होत असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तज्ज्ञांच्या समितीने पाहणी केली. २०१७ मध्ये मान्य झालेल्या उपायांत जलाभिषेकासाठी प्रत्येक भक्ताला आर.ओ.चे अर्धा लिटर पाणी, दूध किंवा पंचामृत सव्वा लिटर, भस्म आरतीच्या वेळी लिंग सुती कोरड्या कापडाने पूर्ण झाकणे, आणि साखरेची पूड चोळणे बंद करून खांडसरीचा वापर, अशा गोष्टी होत्या. साखर आणि खांडसरी दोन्ही मुळात साखरच. फरक दाण्याचा आणि शुद्धतेचा. पूजेच्या वादात निर्णय दाण्यावर येऊन ठेपल्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. १ सप्टेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाने भक्तांनी लिंग घासण्यावरच बंदी घातली. दही, तूप, मध चोळण्याने झीज होते हे त्यामागचे एक कारण होते. वर सांगितलेल्या तेलकट तळव्याचा विचार केला तर ते कारण पटण्यासारखे आहे.

पंढरपूरला पेच दुसऱ्या बाजूने येतो. तिथे चरणस्पर्शाचे दर्शन हा संप्रदायाचा प्राण आहे. लिंग घासण्यासारखा तो एक उपचार नाही, त्यामुळे तो काढता येत नाही. चंद्रभागेत स्नान करून येणाऱ्यांच्या हातापायांना वाळू लागते, आणि दख्खनच्या नद्यांच्या वाळूत बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले गारगोटी आणि अकीक यांचे दाणे असतात; म्हणजे काळ्या पाषाणाहून कठीण. म्हणून मूर्तीला लेप देण्याचा मार्ग घेतला गेला. जून २०२० मध्ये टाळेबंदीत मंदिर बंद असताना पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना रासायनिक वज्रलेप केला. तो पहिला नव्हता. नाव जुनेच आहे: सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत टेंभुर्णी आणि कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले वगैरे पाण्यात आटवून करायच्या वज्रलेपाच्या कृती दिल्या आहेत आणि तो कोटी वर्षे टिकतो असे म्हटले आहे.

लेपावर एक आक्षेप घेता येतो. स्पर्श होतो तो लेपाला, मूर्तीला नाही. न्यायाच्या भाषेत लेप हे मूर्तीशी संयोग पावलेले वेगळे द्रव्य. पण हा आक्षेप धरला तर चंदनाची उटी, तेल, पाणी आणि त्यांच्याबरोबर आलेली धूळ यांनाही तो लागू होतो. दगडाला निव्वळ स्पर्श असा कधी झालाच नसेल. लेपाने बदलते ते एवढेच की भक्ताच्या हाताबरोबर आलेला गारगोटीचा दाणा आता पाषाणाऐवजी राळेसारख्या मऊ थरात चरे पाडतो. तो थर दगडापेक्षा लवकर जातो, आणि म्हणून काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो.